नेत्यांची टीव्हीवरची डिबेट: पूर्ण पाहावी, की दुसऱ्या दिवशीच्या क्लिप पुरेत?

निवांतवाचक

निवडणुकीआधी पक्षांचे नेते समोरासमोर उभे राहतात आणि दीड-दोन तास डिबेट चालते. ती थेट बघून काही हाती लागतं का? दुसऱ्या दिवशी क्लिप येतात, छापील सारांशही येतो. बघायचीच असेल तर नेमकं काय बघायचं, आणि एखादी डिबेट वेळ देण्यालायक नाही हे आधी कसं ओळखायचं? कोण जिंकलं यात रस नाही. मत ठरवायला उपयोग होतो का, एवढंच जाणून घ्यायचंय.

आकडेमोड

मत ठरवायला फारसा उपयोग होत नाही. कॅरोलिन ल पेनेक आणि व्हिन्सेंट पॉन्स या अभ्यासकांनी १९५२ पासूनच्या १० देशांतल्या ६२ निवडणुकांची मतदार-पाहणी तपासली. शेवटच्या दोन महिन्यांत १७ ते २९ टक्के मतदारांचा निर्णय पक्का होतो, पण डिबेट झाली म्हणून त्यात वेगळी भर पडलेली दिसत नाही.

ब्रिटनचं २०१० चं उदाहरण घ्या. तिथल्या नेत्यांची पहिली टीव्ही डिबेट १५ एप्रिलला झाली. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग रातोरात सगळ्यांच्या तोंडी झाले, पक्ष जनमत पाहण्यांमध्ये झपाट्याने वर चढला. निकालात मतांचा वाटा जेमतेम एका टक्क्याने वाढला आणि जागा ६२ वरून ५७ वर आल्या. डिबेटच्या रात्रीची हवा मतपेटीपर्यंत टिकत नाही.

कॅमेऱ्यामागे

आकडे बरोबर आहेत, पण ते सरासरीचे आहेत. मूळ प्रश्न एका मतदाराला उपयोग होतो का, असा आहे. तो डिबेटच्या नियमांवर ठरतो, आणि नियम बहुतेक वेळा आधीच जाहीर होतात. ते पाच मिनिटं वाचा.

पहिलं, माणसं किती? ब्रिटनमध्ये २ एप्रिल २०१५ ला सात नेते दोन तासांच्या एकाच कार्यक्रमात होते. सूत्रसंचालक, प्रश्न आणि मधल्या विश्रांतीत वीस मिनिटं गेली असं धरलं तर प्रत्येकाला चौदा मिनिटं उरतात. विषय पाच असले तर एका विषयाला तीन मिनिटांहून कमी. एवढ्यात घोषणा मावते, योजना मावत नाही. दोघेच असतील तर नव्वद मिनिटांत प्रत्येकाला पस्तीसेक मिनिटं मिळतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रत्युत्तराला पाठ केलेलं संपतं. ऐकण्यासारखं तिथून सुरू होतं.

दुसरं, माईक कोणाच्या हातात? अटलांटात २७ जून २०२४ ला झालेल्या बायडन-ट्रम्प डिबेटमध्ये उत्तराला दोन मिनिटं, खोडून काढायला एक, त्यावर बोलायला आणखी एक अशी वाटणी होती. पाच सेकंद उरले की लाल दिवा लुकलुकायचा, वेळ संपली की स्थिर व्हायचा. पाळी नसेल त्याचा माईक बंद. लिहून आणलेले कागद नाहीत, समोर प्रेक्षक नाहीत. यात एक तोटा होतो. माईक बंद असलेला काही पुटपुटला तर शेजारच्याला ऐकू जातं, आपल्याला नाही. बोलणारा मध्येच थबकला तर तो गोंधळला असंच वाटतं, म्हणून अशा क्षणावरून लगेच मत बनवू नका. तरीही माईक बंद ठेवण्याची पद्धत मी चांगलीच मानतो. दोन आवाज एकमेकांवर चढले की एकाचंही वाक्य पुरं कानावर पडत नाही.

तिसरं, प्रेक्षक. टाळ्या आणि हशा आपल्या मतावर चढतात. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या वाहिन्यांनी आणि पक्षांनी मिळून ७६ नियम ठरवले होते, त्यांनुसार डिबेट चालू असताना टाळ्यांना मनाई होती. पडद्याच्या तळाशी सरकणारी प्रेक्षकांच्या पसंतीची रेषा दिसली तर तेवढा भाग सरळ झाकून टाका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी चालू डिबेटवर खोटी रेषा दाखवली, आणि विजेता कोण याबद्दलची मतं रेषेमागे गेली.

आणि कॅमेरा. एक बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा की नाही, यावर पक्ष उगाच भांडत नाहीत. २००० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांचे उसासे त्यांच्या मुद्द्यांपेक्षा जास्त गाजले. दर काही मिनिटांनी पडद्याकडे न पाहता नुसतं ऐका. ऐकताना उत्तर पोकळ वाटलं आणि बघताना भारी वाटलं, तर ती चेहऱ्याची कमाई समजायची.

आकडेमोड

मुद्दा पटला. फक्त त्यासाठी अमेरिकेतल्या १९६० च्या अध्यक्षीय डिबेटचा दाखला कोणी देऊ नये. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि टीव्हीवाल्यांना केनेडी, ही गोष्ट मुख्यतः एकाच पाहणीवर उभी आहे. तिच्यात रेडिओवर ऐकणारे थोडेच होते, आणि त्यांचा राजकीय कल मुळातच वेगळा असू शकतो. निक्सन नुकतेच आजारातून उठले होते आणि फिकट सूट मागच्या भिंतीत मिसळून गेला, हे खरं. त्यावरून ‘टीव्हीने निवडणूक फिरवली’ असं म्हणता येत नाही.

शब्दवेध

आता बघण्याची पद्धत. आडव्या कागदावर तीन रकाने आखा: प्रश्न, उत्तर, आकडा. प्रश्न चार-पाच शब्दांत टिपा. उत्तराच्या रकान्यात सरळ उत्तर मिळालं तर बरोबरची खूण, बगल दिली तर फुली. पहिल्या तीस सेकंदांत ‘हो’, ‘नाही’, रक्कम किंवा मुदत आली नाही तर फुली मारायला हरकत नाही. ‘खरा प्रश्न तो नाहीच’, ‘आधी हे लक्षात घ्या’ अशी सुरुवात झाली की बहुतेक वेळा पाठ केलेला परिच्छेदच येतो. शेवटी विषयवार फुल्या मोजा. सगळे नेते एकाच विषयावर बगल देत असतील तर तिथे खर्चाचा किंवा अप्रिय निर्णयाचा भाग लपलेला असण्याची शक्यता मोठी. हे क्लिपमध्ये सापडत नाही, कारण न दिलेल्या उत्तराची क्लिप निघत नाही. पूर्ण डिबेट बघण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच.

आकड्याच्या रकान्यात जो आकडा ऐकाल तो तसाच उतरवा, लगेच खरा-खोटा ठरवू नका. नंतर तीन प्रश्न विचारून तपासा.

तुलना कुठल्या वर्षाशी आहे? मंदीचं वर्ष पाया धरलं की नंतरची कुठलीही वाढ डोंगराएवढी दिसते.

टक्के कशाचे? बेरोजगारी ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेली तर एक नेता ‘फक्त दोन टक्के’ म्हणेल, दुसरा ‘५० टक्क्यांनी वाढली’ म्हणेल. दोघांचीही आकडेमोड चुकलेली नाही. पहिला टक्क्यांमधला फरक सांगतो, दुसरा मूळ आकड्याच्या मानाने झालेली वाढ.

दर की पातळी? ‘महागाई ८ वरून ३ टक्क्यांवर आणली’ हे ऐकून भाव उतरले असं वाटतं. १०० ची वस्तू पहिल्या वर्षी १०८ झाली, पुढच्या वर्षी १११.२४. भाव चढतच आहे, फक्त चढण्याचा वेग मंदावला.

डिबेट संपल्याबरोबर टीव्ही बंद करा आणि कोणाचं उत्तर कुठे पटलं, कुठे नाही, ते चार ओळींत लिहा. मगच विश्लेषण ऐका. ६ ऑक्टोबर १९७६ च्या डिबेटमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्या रात्री लगेच विचारलेल्या प्रेक्षकांना ते वाक्य फारसं खटकलं नव्हतं. दिवसभर बातम्यांनी तेच लावून धरलं आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कौल त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांच्याकडे झुकला. वाक्य चुकीचंच होतं, त्यामुळे बातम्यांनी तिथे कामच केलं. पण आपलं मत कुठलं आणि उसनं कुठलं, हे कळायला त्या चार ओळी हाताशी लागतात.

निवांतवाचक

आभार. तीन रकाने लगेच वापरता येतील. दोन तास निघाले नाहीत तर? लिखित प्रत वाचली तर चालेल का?

शब्दवेध

चालेल, आकड्यांसाठी तर तीच बरी. नव्वद मिनिटांत साधारण तेरा हजार शब्द होतात, म्हणजे तासाभराचं वाचन. पण शांतता कागदावर उतरत नाही. प्रश्नानंतर चार सेकंद गप्प राहून दिलेलं उत्तर आणि ताडकन दिलेलं उत्तर छापल्यावर सारखंच दिसतं.

कॅमेऱ्यामागे

अर्धाच तास असेल तर सुरुवातीचं आणि समारोपाचं निवेदन सोडा, दोन्ही आधीच घोटलेली असतात. रेकॉर्डिंग लावून ज्या विषयाचा तुमच्या घराशी थेट संबंध आहे तो काढा, आणि सगळी प्रत्युत्तरं संपून सूत्रसंचालक ‘पुढचा विषय’ म्हणेपर्यंत मध्ये न थांबवता बघा. विषय एकच घ्या, पण पूर्ण बघा.