मदत हवी आहे: कथेतलं फळझाड दुर्मिळ का, याचं पटणारं कारण सुचवा

मुलुंडकरीण
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितेय, काल्पनिक राज्यातली. महिनाअखेरीस द्यायची आहे आणि एकाच जागी अडकलेय. कथेत सांजफळी नावाचं झाड आहे, राज्यात मोजकीच उरलीत. राजाला फळं हवीत. पैसा आहे, माळी आहेत, जमीन आहे. मग तो बाग का लावत नाही? शाप, देवाचा कोप, राक्षसाचा पहारा नको, ते सगळं खोडून झालंय. कारण झाडाच्या स्वभावातूनच निघायला हवं. लवकर सुचवा प्लीज.

प्राजक्त_डोंबिवली
फळ खाऊन होतं काय? आणि हा वृक्ष आहे, वेल आहे की झुडूप? एवढं तरी सांगा.

मुलुंडकरीण
वृक्ष. फळ खाल्लं की प्रहरभर खोटं बोलता येत नाही, म्हणून न्यायासनासमोर साक्षीदारांना देतात. पण माझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. लागवड का होत नाही, एवढंच हवंय.

गच्चीबागवाला
ताई, जिभेवर परिणाम करणारं फळ खरंच आहे! पश्चिम आफ्रिकेतलं मिरॅकल फ्रूट. छोटंसं, लालचुटुक. ते चघळून लिंबाची फोड चोखा, गोड लागते. त्यातलं मिरॅक्युलिन नावाचं प्रथिन जिभेवर चिकटून बसतं आणि अर्धा-पाऊण तास तरी हा परिणाम टिकतो. माझ्याकडे ड्रममध्ये आहे. माती आम्लधर्मी लागते, कोकोपीट सढळ हाताने घाला, पाण्याचा निचरा चांगला ठेवा, आणि पहिली दोन-तीन वर्षं फळाची घाई करू नका.

मुलुंडकरीण
माहिती छान आहे, पण मला रोप लावायचं नाहीये. कारण हवंय.

फोर्टचा_फिरस्ता
परागण! व्हॅनिलाची वेल मेक्सिकोतून बाहेर नेली तेव्हा फुलं यायची पण शेंग धरायची नाही, कारण तिकडचे कीटक इकडे नव्हते. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने परागण करायची सोपी रीत शोधली, तेव्हा कुठे लागवड पसरली. तुमच्या झाडालाही असाच एकच कीटक द्या.

प्राजक्त_डोंबिवली
फिरस्ता, तुमच्याच उदाहरणाने तुमचं कारण पडतंय. बारा वर्षांच्या मुलाला जमलं ते राजाच्या माळ्यांना नाही जमणार? त्यापेक्षा तालिपोट ताड घ्या. तीस ते ऐंशी वर्षांत एकदाच फुलतो, फळतो आणि मरतो. इतकं थांबायला कुठल्या राजाला वेळ आहे?

मुलुंडकरीण
नाही चालणार. फळ दरवर्षी धरतं, दर पावसाळ्यानंतर निवाडे होतात.

प्राजक्त_डोंबिवली
हे मूळ धाग्यात लिहायला हवं होतं ना.

गिरगावकर
कल्पित जग आहे, त्यात वनस्पतिशास्त्र कशाला? वाचकाला गोष्ट हवी असते. “लावलं तर उगवत नाही” असं एका ओळीत लिहा आणि पुढे चला.

फोर्टचा_फिरस्ता
अजिबात पटलं नाही. जग कल्पित असेल तर नियम जास्त घट्ट हवेत. नाहीतर लेखक कुठेही काहीही करू शकतो हे वाचकाला कळतं, मग त्याला कशाचीच काळजी वाटत नाही.

खाडीकाठ
झाड उगवतं कुठे, हे अजून कुणी विचारलंच नाही.

मुलुंडकरीण
खाडीच्या तोंडाशी, चिखलात. राजधानी वर घाटमाथ्यावर. संध्याकाळी फुलतं म्हणून सांजफळी.

खाडीकाठ
मग अर्धं उत्तर तुमच्याकडेच आहे. पांढरी चिप्पी बघितली आहे का? २०२० मध्ये तिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवन (खारफुटी) वृक्ष जाहीर केलं. फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळं आणि पतंग येतात, सकाळी झाडाखालच्या चिखलात पांढऱ्या पुंकेसरांचा सडा असतो. हिरवं फळ, बुडाला चांदणीच्या आकाराचा जाड पेला, चवीला आंबट. अशा झाडाला दिवसातून दोनदा भरतीचं पाणी येऊन परत जायला हवं. चिखलातून जाड शंकूंसारखी वर आलेली श्वासमुळं सतत बुडून राहिली तर झाड गुदमरतं.

गच्चीबागवाला
मिठाचं पाणी घालून बागेत वाढवता येईल की. काही खारफुटी तर गोड्या पाण्यावरही जगतात.

खाडीकाठ
जगतात, बरोबर. कथेत तशी झाडं वांझ ठेवा, तेवढी मुभा लेखिकेला आहे. पण माझा मुद्दा वेगळा आहे. मुंबईत तिवरं, म्हणजे हीच खारफुटी, कशी गेली? नुसत्या कुऱ्हाडीने नाही. भराव टाकायचा, भरतीची वाट अडवायची, झाडं उभ्या उभ्या वाळतात. कोकणातली खारबंदिस्तीही तेच करते, फक्त भातासाठी. बांध घालायचा, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, भरती आत घ्यायची नाही. काही पावसाळ्यांत जमिनीतला खार धुऊन जातो आणि भात पिकतो. तुमच्या राजाच्या आज्याने असाच बांध घातला असेल तर?

गिरगावकर
भरावाचं निघालंच आहे तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस! खाडीकाठ मोकळा हवाच, तिवरं वाचवलीच पाहिजेत.

मुलुंडकरीण
थांबा, विषय सोडू नका. खाडीकाठ, म्हणजे सांजफळीची जागा आज भातशेती आहे? राजाला बाग हवी तर बांध फोडायचा, आणि बांध फोडला तर स्वतःच्याच रयतेचं भात खाऱ्या पाण्यात घालवायचं?

खाडीकाठ
हो. म्हणून मोजकी झाडं उरली, ती बांधाच्या बाहेर.

प्राजक्त_डोंबिवली
आणि बांध धरतो की नाही याची चौकशी निघाली, तर साक्षीदारांना द्यायला तेच फळ लागेल. फळ काय करतं ते मी याचसाठी विचारत होते.

मुलुंडकरीण
हेच हवं होतं मला! झाड, राजा आणि निवाडा आता एकाच गाठीत बसले. शेवटचं सांगा: बांध फुटला तर सांजफळी परत यायला किती काळ लागेल? माझी नायिका तेव्हा तरुण आहे, तिला फळ धरलेलं बघता यायला हवं.

खाडीकाठ
येईल बघता. पेण-अलिबागकडे बांध फुटून नापीक झालेल्या भातखाचरांत खारफुटी आपोआप उगवली आहे, कुणी लावलेली नाही. बाहेर बियांची झाडं शिल्लक हवीत आणि भरतीला आत-बाहेर मोकळी वाट हवी. बिया पाण्याबरोबर येतात. पहिल्या पावसाळ्यानंतर रोपं दाखवा, फळ मात्र काही वर्षांनीच. आणि बाहेरची ती मोजकी झाडं त्याआधी कुणाला तोडू देऊ नका, नाहीतर बांध फोडूनही हाती चिखलच राहील.