दर विद्यार्थी खर्च सारखा, मग शाळा सारख्या का नाहीत?
(ताळेबंद, रोखठोक आणि हजेरीपट या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

ताळेबंद
सरकारी शाळांच्या पैशावर वाद सुरू झाला की 'दर विद्यार्थी खर्च' हा एकच आकडा तोंडावर फेकला जातो. तो आकडा बरंच काही झाकतो, असं माझं मत आहे. उदाहरण अमेरिकेचं घेतो, कारण तिथे हे भांडण कोर्टात गेलं आणि आकडे नोंदले गेले. तिथल्या शाळांचा मोठा आधार म्हणजे स्थानिक मालमत्ता कर. 1971 च्या सेरानो खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर गरीब बाल्डविन पार्क आणि महागड्या घरांचं, श्रीमंत बेव्हर्ली हिल्स यांची तुलना आली. 1968-69 मध्ये पहिल्या ठिकाणी दर विद्यार्थी 577 डॉलर खर्च झाला, दुसऱ्या ठिकाणी 1,232. आता कराचा दर बघा: मालमत्तेच्या दर शंभर डॉलर मूल्यांकनामागे बाल्डविन पार्कात 5.48 डॉलर, बेव्हर्ली हिल्समध्ये 2.38. दुपटीहून जास्त दराने कर भरा आणि निम्म्याहून कमी पैसा मिळवा!

रोखठोक
पुढचं का सांगत नाही? न्यायालयाने ही पद्धत मोडीत काढली. 1978 मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन 13 हा प्रस्ताव मंजूर केला, मालमत्ता कर 1 टक्क्यावर बांधला गेला. शाळांच्या डिस्ट्रिक्टांतली (म्हणजे एकेका भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांतली) दरी कमी झाली, पण राज्याचा दर विद्यार्थी खर्च देशाच्या सरासरीखाली घसरला. सगळ्यांना सारखंच कमी मिळालं, याला न्याय म्हणायचं?

आणि नुसता पैसा ओतून काय होतं तेही बघा. कॅन्सस सिटीत 1985 नंतर कोर्टाच्या हुकमाने बारा वर्षांत सुमारे 2 अब्ज डॉलर खर्च झाले. पाण्याखालून बघायची खोली असलेला जलतरण तलावसुद्धा बांधला. परीक्षांचे निकाल जिथल्या तिथे.

हजेरीपट
रोखठोक, कॅन्सस सिटीचा दाखला नेहमी अर्धाच दिला जातो. काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून उपनगरातली गोरी मुलं शहरातल्या शाळांकडे ओढायची, हा त्या खर्चाचा एक मोठा हेतू होता. म्हणून इमारती आणि खास विषयांच्या शाळा. 1995 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच त्या हेतूवर बोट ठेवलं. तलाव बांधून वाचन सुधारलं नाही, यात नवल कसलं?

उलट बाजूचा दाखलाही घ्या. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांचा 2016 चा अभ्यास: बारा वर्षं सलग 10 टक्के जास्त खर्च झाला तर त्या मुलांचे मोठेपणीचे पगार सुमारे 7 टक्क्यांनी जास्त. गरीब घरच्या मुलांना फायदा अधिक. यातला 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. एकदाच आलेल्या पैशातून कायमचे पगार सुरू केले की तिसऱ्या वर्षी माणसं काढावी लागतात.

आता खरी अडचण, डोईगणिक वाटपाची. सहा वर्गांची शाळा, वर्गात 30 मुलं. प्रत्येक वर्गातून 3 गेली की पट 180 वरून 162. निधी 10 टक्क्यांनी घटला. पण कमी काय करणार? शिक्षक सहाच लागणार, छप्पर तेवढंच गळणार. लहान शाळा या हिशेबानेच मरतात. उपाय माहीत आहे: शाळेला एक ठरावीक रक्कम, तिच्यावर दर विद्यार्थी रक्कम, आणि पट धरायचा तीन वर्षांच्या सरासरीने.

रोखठोक
तीन वर्षांची सरासरी म्हणजे मुलं नसलेल्या बाकांनाही पैसा. तोच पैसा पट वाढणाऱ्या शाळेकडून कापला जातो, तिथे मुलं दाटीवाटीने बसतात.

हजेरीपट
म्हणून मुदत तीनच वर्षं. दहा वर्षं चाललं तर मीही विरोध करेन. पण पटावर मोजायचं की हजेरीवर, तेही बोला. कॅलिफोर्नियात सरासरी दैनिक हजेरीवर पैसा मिळतो. आजारी मूल घरी राहिलं की शाळेचं उत्पन्न बुडतं, शिक्षकाचा पगार मात्र चालूच. गैरहजेरी गरीब वस्तीत जास्त, म्हणजे फटकाही तिथेच.

रोखठोक
आणि हजेरी सोडून एका दिवसाच्या मोजणीवर दिलं, तर त्या दिवशी पट फुगतो आणि पुढच्या आठवड्यात मुलं कुठे आहेत हे कोणी विचारत नाही. हजेरीच्या पैशाने शाळा निदान मुलांच्या दारात जाते.

ताळेबंद
दोघांनीही मूळ चोरवाट सोडली: सरासरी पगार. अंदाजपत्रकात प्रत्येक शिक्षक डिस्ट्रिक्टच्या सरासरी पगारावर धरतात. समजा अनुभवी शिक्षकाला 100, नवख्याला 60, सरासरी 80. दोन शाळा, प्रत्येकी 20 शिक्षक. कागदावर दोघींचा खर्च 1,600. पण चांगल्या वस्तीतल्या शाळेत 15 अनुभवी आणि 5 नवखे, म्हणजे खरा खर्च 1,800. गरीब वस्तीत 5 आणि 15, म्हणजे 1,400. ताळेबंद जुळतो आणि 400 चा फरक कुठेच दिसत नाही! 2015 च्या अमेरिकी कायद्याने शाळानिहाय प्रत्यक्ष खर्च जाहीर करणं बंधनकारक केलं, ते याचसाठी.

रोखठोक
हा मुद्दा मान्य. पण उपाय म्हणून शाळेच्या खात्यावर खरा पगार टाकलात, तर कोणता मुख्याध्यापक 100 चा माणूस घेईल? 60 चा घेईल आणि उरलेल्या 40 मध्ये अर्धवेळ मदतनीस बसवेल. अनुभवी शिक्षक महाग माल ठरतो.

ताळेबंद
म्हणून पदं सरासरीवरच द्या, पण गरीब शाळेच्या वाट्याचे 200 तिला वेगळे द्या, अनुभवी शिक्षकाने तिथे टिकावं म्हणून. कॅलिफोर्नियाच्या 2013 च्या सूत्रात गरजू विद्यार्थ्यामागे मूळ रकमेच्या 20 टक्के जादा मिळतात. 55 टक्क्यांहून जास्त विद्यार्थी गरजू असतील तर त्या पातळीच्या वर जितके गरजू आहेत तेवढ्यांमागे आणखी 50 टक्के मिळत, 2021 पासून 65 मिळतात.

रोखठोक
मिळतात, पण डिस्ट्रिक्टला. ज्या मुलांच्या नावाने पैसा आला त्यांच्याच शाळेत तो उतरला का, हे सूत्र बघत नाही. डिस्ट्रिक्टभराच्या योजनेत तो विरघळू शकतो.

हजेरीपट
मग शाळानिहाय तीन रकाने मागा: मंजूर पदं, भरलेली पदं, प्रत्यक्ष दिलेला पगार. पहिल्या दोन रकान्यांतली फट कोणत्या वस्तीत रुंद आहे, ते आधी बघू. टक्केवारीवर नंतर भांडू.