विषय: रि: रि: शनिवारची आव्हानं – नंबर काढायचे की नाही?

प्रेषक: शनिवार गट (समन्वयक)

मंडळी नमस्कार,

सहा शनिवार झाले म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दर आठवड्याला एकच काम, सगळ्यांना सारखंच सामान, दीड तास, वय ८ ते १४. आत्तापर्यंत वर्तमानपत्राचा टॉवर, फॉइलची बोट, कागदाचा पूल, फुग्याची गाडी, कागदी हेलिकॉप्टर आणि परवाचं अंडं (जिन्यावरून खाली टाकायचं, पण फुटू द्यायचं नाही; फरशी पुसून झाली, हॉलवाल्यांची माफी मागून झाली, तो विषय आता नको प्लीज).

मुलांची काही तक्रार नाहीये, मुलं दहा मिनिटं आधीच येऊन बसतात. तक्रार माझी आहे आणि ती मोठ्यांबद्दल आहे. परवा अंड्याच्या वेळी तीन डबे घरूनच तयार होऊन आले होते. एकात थर्माकोल अगदी मापात कापलेला, आणि एकाच्या पॅराशूटला चक्क मशीनची शिवण होती. ८ वर्षांच्या मुलाने शिलाई मशीन चालवलं असेल तर मी शब्द मागे घेते. त्याच वेळी एक मुलगी जागेवर बसून स्ट्रॉ आणि चिकटपट्टीचा पिंजरा करत होती, तिने चौथ्या स्ट्रॉनंतर स्वतःच ओळखलं की अंडं मध्ये लटकतं ठेवायला पाहिजे, खालच्या स्ट्रॉला टेकायला नको. तिचं फुटलं. शिवणीवाल्याचं वाचलं, त्याला टाळ्या. ती गाडीत बसेपर्यंत रडत होती असं तिच्या बाबांनी नंतर सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं, नंबर बंद करूया. काय वाटतं?

– समन्वयक

---

प्रेषक: तिसरीतल्या मुलाचा बाबा

ताई, शिवण माझी. मशीन बायकोचं. कबूल.

पण नंबर बंद करायचे हे काही पटत नाही. चुरस असली की मुलगा आठवडाभर त्याच विषयावर बोलतो, आंघोळीला गेला तरी बाहेर येऊन विचारतो बाबा असं केलं तर. नंबरच नसतील तर मग ते नुसतं कागदकाम होईल, चिकटवा, रंगवा, घरी घेऊन जा. आणि चांगलं काय वाईट काय हे कळणार कसं, सगळ्यांना शाब्बास म्हणायचं का? आणि मी मदत केली म्हणजे सगळं मीच केलं असंही नाही, पॅराशूट लावायची आयडिया त्याचीच होती, टाके मी घातले.

---

प्रेषक: पूलवाले काका

दोघांचंही थोडं थोडं पटतंय म्हणून मध्ये तोंड घालतो. (तीस वर्षं पूल आणि इमारतींची डिझाइनं तपासण्यात गेली, तेव्हा सवय आहे.)

आकडा पाहिजेच. न मोजता केलेलं काम म्हणजे हस्तकला, त्यात वाईट काही नाही पण आपण तिच्यासाठी जमत नाही. फक्त आकडा कशाचा घ्यायचा हे आपण चुकतोय. आपण पोरापोरांमधला फरक मोजतो. मला विचाराल तर एकाच पोराच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नातला फरक मोजा. म्हणजे दीड तासाचे दोन भाग करायचे, पहिल्यात करा-मोडा-मोजा, मग पाच मिनिटं कागदावर लिहा कुठे मोडलं, आणि मग तेच सामान परत. आत्ता आपण एकदाच करायला लावतो आणि जे मोडलं ते कचऱ्यात टाकतो. खरी माहिती तर त्या मोडलेल्यात असते!

पुलाच्या दिवशीचं सांगतो. ए-फोर कागद एक, दोन पुस्तकांच्या थप्प्या, मध्ये २० सेंटीमीटर अंतर. तो कागद ५ ग्रॅमचा असतो (८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम, आणि ए-फोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, करा हिशोब) आणि सपाट ठेवला तर त्याला स्वतःचं वजनसुद्धा धड पेलत नाही, मधे पोट सुटतं. एका सहावीतल्या पोरीने पंख्यासारख्या घड्या घातल्या आणि वर पेन्सिली ठेवत गेली. जाडी दुप्पट झाली की कडकपणा आठपट होतो, घडीने कागदाची उंची वाढते त्याचा हा फायदा, पण हे तिला मी सांगितलं नाही, तिला ते बोटांना कळलं होतं. मग वही ठेवली आणि पूल बसला. मी वाकून पाहिलं तर घड्या तुटलेल्या नव्हत्या, बाजूला पसरल्या होत्या, बंद पंखा उघडावा तशा. तिच्याही ते लक्षात आलं. "काका, याला खालून पट्टी लावली तर पसरणार नाही," असं म्हणाली आणि त्याच क्षणी वेळ संपली. तिचा तिसरा नंबर आला. त्या दिवशी हॉलमधल्या सगळ्यांत चांगलं इंजिनिअरिंग तिच्या त्या एका वाक्यात होतं आणि आपण घड्याळ बघून तिचा कागद उचलला. मला अजून टोचतंय ते.

राइट बंधूंचं १९०१ चं ग्लायडर त्यांच्या हिशोबाइतकं उचलत नव्हतं. तर ते बसले आणि वारा सोडून पंख तपासायचा लाकडी बोगदा बनवून २०० च्या आसपास छोटे छोटे पंख तपासले, आणि मग १९०३ साली उडाले. लंडनचा मिलेनियम ब्रिज जून २००० मध्ये उघडला आणि लोक चालायला लागल्यावर असा आडवा डुलायला लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला. डँपर (हेलकावे शोषून घेणारी यंत्रणा) बसवून परत उघडला तो २००२ मध्ये. तो डँपर बसवलेला पूल म्हणजे दुसरा प्रयत्नच की. मोठ्यांना मिळतो, पोरांना पण द्या.

आणि अंड्याचं. जिन्यावरून ३ मीटर म्हणजे खाली येईपर्यंत वेग ताशी २७-२८ किलोमीटर. आता गंमत अशी की पॅराशूट नसलं तरी चालतं, प्रश्न थांबायला जागा किती मिळते एवढाच. ३ मीटर पडून १ सेंटीमीटरात थांबलं तर अंड्याला गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट झटका, तेच १० सेंटीमीटरात थांबलं तर ३० पट. भागाकार आहे साधा. त्या रडलेल्या मुलीला सांगा तिचा लटकता पिंजरा बरोबर होता, अंडं लटकवलेलं रबर फक्त फार ताठ बांधलं होतं, अंड्याला खाली सरकायला जागाच नव्हती. मी उचलून पाहिला होता.

---

प्रेषक: जुळ्यांची आई

काकांना अनुमोदन. हेलिकॉप्टरच्या दिवशी माझ्या धाकट्याने पंख लांब केले आणि त्याच वेळी वजनाची दुसरी क्लिप पण लावली, मग ते आधीपेक्षा लवकर खाली आलं तर म्हणे लांब पंख वाईट! मी ओठ चावून गप्प बसले. दुसरा राउंड असता तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे आपोआप निघालं असतं.

पुढच्या वेळेसाठी सुचवते, एलईडीचा बॅज करूया का? नाण्यासारखा गोल सेल असतो ना तीन व्होल्टचा, त्याला एलईडीचे दोन पाय दोन बाजूंनी चिकटवले की लागतो, मुलांना फार आवडेल, सोपं पण आहे, माझ्याकडे घरी पडलेत वीसेक सेल.

---

प्रेषक: मागच्या बाकावरची डॉक्टर

बॅजला माझा ठाम नकार, आणि वीस सेल घरी नुसते पडले असतील तर आजच बंद डब्यात घालून वर ठेवा, प्लीज. लहान मुलाने तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा गंभीर भाजल्यासारखी इजा होते. सेल फुटत नाही, गळत नाही, ओलाव्यात त्यातून करंट वाहतो आणि तिथे क्षार तयार होऊन आतली त्वचा जाळतो. आपल्याकडे मोठ्या भावंडांबरोबर दोन-तीन वर्षांची पिल्लं जमिनीवर रांगत असतात आणि बॅजवरची चिकटपट्टी काय, गाडीत बसेपर्यंत सुटते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल, उद्या बघू नाही, उलटी काढायची नाही.

एलईडी करायचाच असेल तर डबल ए सेल होल्डरमध्ये घालून करा.

---

प्रेषक: पूलवाले काका

डॉक्टरीणबाई बरोबर. फक्त एक, गोल सेलची ताकदच कमी असते म्हणून तिथे एलईडी रेझिस्टरशिवाय (करंट आवरणाऱ्या छोट्या भागाशिवाय) निभावतो. दोन डबल ए लावलेत आणि लाल एलईडी असेल तर मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर जळेल. तोही धडाच म्हणा, पण वीस जळले तर खर्चिक धडा.

---

प्रेषक: कोपऱ्यातल्या खुर्चीतले आजोबा

सर्वांस नमस्कार. टॅब्लेटवर टंकतो आहे, चुका पोटात घाला.

मी नातवाला सोडायला येतो आणि बसून राहतो. टॉवरच्या दिवशी पाहिले, पोरे कागदाच्या सुरळ्यांचे चौकोन करून एकावर एक रचत होती. चौकोन म्हणजे ढकलला की तिरका होणारच. घराच्या छपराला सुतार कैची (तिरक्या लाकडांचा त्रिकोण) करतो ती काय शोभेसाठी? नातवाला काही बोललो नाही, पण घरी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन एक त्रिकोण आणि एक चौकोन करून त्याच्या हातात दिला. (ही युक्ती माझी नव्हे, टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची; त्यांची खेळणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.) चौकोन त्याने दाबून चपटा केला, त्रिकोण काही हलेना. दोन मिनिटे गप्प होता. मग चौकोनात तिरपी काडी घातली.

दुसरे असे की पोरांना हाताने काम करताना मराठी शब्द पटकन चिकटतात. पाचर, तरफ, घडी, कड, खोबण. मी "इथे ताण येतोय" म्हटले तर एक जण म्हणाला ताण म्हणजे परीक्षेचा ना? मी म्हटले तोच, पण दोरीला.

माझ्याकडे वडिलांचा पितळी ओळंबा आहे, गवंड्याचा. टॉवर सरळ आहे का बघायला आणीन म्हणतो. उपयोग असेल तर.

---

प्रेषक: शनिवार गट (समन्वयक)

आजोबा, उपयोग म्हणजे काय, पुढचा शनिवार तुमच्या ओळंब्यावरच करायचा ठरवलाय!

तर असं करतोय. दोन राउंड, मध्ये पाच मिनिटं लिहायची. फळ्यावर प्रत्येकाचे दोनच आकडे, पहिला आणि दुसरा. ज्याला बघायचंय तो दुसऱ्याचे आकडे बघेलच, त्याला मी अडवणार नाही, पण टाळ्या फरकाला. सामान घरून आणायचं नाही. पालकांसाठी मागे वेगळं टेबल आणि तेच सामान, ज्यांचे हात शिवशिवतात त्यांनी स्वतःचं बनवावं, त्यांचेही आकडे फळ्यावर लागतील (हो, पडलेले पण). मुलांच्या टेबलाजवळ मोठ्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, आणि "असं केलंस तर?" हा प्रश्न नाही, ते उत्तर आहे.

एलईडी त्यानंतरच्या आठवड्यात, डबल ए आणि रेझिस्टर लावून. काका आणतील.

पुढचं आव्हान लंबक: असा लंबक करा जो ३० सेकंदांत बरोबर ३० वेळा जाऊन परत येईल. सामान दोरा, पट्टी, मातीचे गोळे, वॉशर, आणि एका टेबलावर ओळंबा. जवळजवळ सगळी मुलं आधी वजन बदलत बसतील, बसू देत, आपण जड केला की हळू होईल असं वाटतंच, आणि काहीच फरक पडत नाही म्हटल्यावर जे तोंड होतं ते मला बघायचंय. मग कोणीतरी दोऱ्याला हात घालेल. फक्त मदतनीसांसाठी: उत्तर २५ सेंटीमीटरच्या जवळ येतं, दोऱ्याच्या टोकापासून नाही, गोळ्याच्या मध्यापासून मोजायचं. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट, म्हणून ज्यांचं आधी होईल त्यांना दोन सेकंदांत एकदा जाऊन परत येणारा लंबक द्या, ते ५० सेंटीमीटर करतील आणि मग डोकं खाजवतील. फार मोठा झोका द्यायचा नाही, नाहीतर आकडा थोडा हलतो. हा मेल मुलांच्या हाती लागू देऊ नका!

---

प्रेषक: तिसरीतल्या मुलाचा बाबा

ठीक आहे, मागच्या टेबलावर माझी जागा धरा. मशीन घरीच ठेवतो.

दोरा मात्र माझ्याकडे भरपूर आहे, आणू का?