दहावीनंतर मुलीने कराटेच चालू ठेवावं की खेळ बदलावा?

वारणाकाठ:
स्पष्टच लिहितो. सांगली-मिरजेत गल्लोगल्ली कराटेचे वर्ग आहेत, पट्टेही पटापट मिळतात. पण पंधराव्या वर्षी एखादी खरंच चमकली, तर पुढे काय? ऑलिंपिकमध्ये हा खेळ एकदाच आला, टोकियोला. तिथेही महिला कुमितेचे (म्हणजे प्रत्यक्ष लढतीचे) पाच वजनगट दाबून तीन केले: 55 किलोखाली, 61 खाली आणि 61 वर. 50 च्या गटातल्या मुलीने 55 वालीशी भिडायचं. पॅरिसला कराटे नव्हतं, लॉस एंजेलिसलाही नाही. वर 2020 मध्ये जागतिक महासंघाने तेव्हाच्या भारतीय संघटनेची मान्यता काढली. अशा मुलीने बॉक्सिंग नाहीतर तायक्वांदो धरावं.

अजिंक्यतारा:
ऑलिंपिक नाही म्हणजे काहीच नाही, हे पटत नाही. आमच्या सातारच्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) धनुर्विद्येत जागतिक विजेतेपद घेतलं, तेव्हा कंपाउंड ऑलिंपिकमध्ये कुठे होतं? अर्जुन मिळालाच की. कराटे 1994 पासून एशियाडमध्ये आहे आणि 2018 ला जाकार्तात मुलींचे पाचही गट होते.

खेळ बदलणं म्हणजे नुसता ड्रेस बदलणं नव्हे. तायक्वांदोत ठोशाला एक गुण, धडावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन. जिचा हुकमी डाव ग्याकुझुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, तिचे हातच तिथे निकामी. बॉक्सिंगमध्ये उलट त्रास: कराटेवाली एक ठोसा मारून मागे सरते आणि 'यामे'ची, म्हणजे पंचांच्या 'थांबा'ची, वाट बघते. तिथे थांबवतंय कोण? मागे सरता सरताच दोन खाते.

वारणाकाठ:
ताई, तो त्रास सोळाव्या वर्षी निस्तरता येतो, बाविसाव्या वर्षी नाही. म्हणून तर दहावी म्हटलं.

माणदेशी:
दोघांचंही चाललंय ते पुढचं. आपल्याकडच्या मुली मागे पडतात त्या ज्युनियरमधून सीनियरमध्ये जाताना. सतरापर्यंत लढत दोन मिनिटांची, अठराव्या वर्षी तीन. वर्गात सराव मात्र दोनचाच चालू राहतो. तिसऱ्या मिनिटाला मागचा पाय ओढला जातो, ठोसा लागतो पण हात परत येत नाही, तोल पुढे जातो. पंच झेंडा उचलत नाहीत आणि पालक म्हणतात पक्षपात झाला.

दुसरी चूक सेन्शूची. पहिला निर्विवाद गुण घेणारीला बरोबरीत विजय मिळतो, म्हणून पोरी शेवटी पळ काढतात. पण शेवटच्या 15 सेकंदांत लढत टाळल्याची ताकीद मिळाली की सेन्शू जातो. बरोबरीत मग निर्णय पंचांच्या हातात. सरावात लढतीचे शेवटचे 15 सेकंद उरलेत असं धरून, एका गुणाची आघाडी देऊन, मॅटच्या मधोमध टिकायला लावा. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सहा फेऱ्या, समोर ताजी जोडीदार.

कृष्णामाई:
वारणाकाठांच्या बाजूने एक मुद्दा, जो त्यांनीच मांडला नाही. चौकातल्या फ्लेक्सवरची निम्मी 'आंतरराष्ट्रीय सुवर्णं' जागतिक महासंघाच्या स्पर्धांतली नसतातच. कुठल्या तरी शैलीची खुली स्पर्धा, एका गटात चार मुली, फी भरली की प्रवेश. क्रीडा कोट्याला त्या प्रमाणपत्राचा उपयोग शून्य. खरी वाट महासंघाच्याच स्पर्धांची: यूथ लीग, सीरीज ए, मग क्रमवारीवर प्रीमियर लीग. तिथे नोंदणी राष्ट्रीय संघटनेमार्फत, खेळाडूचा महासंघाचा परवाना क्रमांक लागतो आणि ग्लोव्ह्ज, शिनगार्ड, चेस्टगार्ड मान्यताप्राप्तच लागतात. बाजारातला स्वस्त सेट मॅटवर जाताना अडकतो.

अजिंक्यतारा:
हा दोष खेळाचा नाही, फ्लेक्स लावणाऱ्यांचा आहे.

वारणाकाठ:
असेल. पण फी पालकच भरतात. सीरीज एच्या एका परदेशवारीचं विमान, हॉटेल, नोंदणी खिशातून. पहिल्याच फेरीत आठ गुणांच्या फरकाने लढत मिनिटभरात संपली, तर हाती काय?

माणदेशी:
रेपेशाज, म्हणजे कांस्यासाठी दुसरी संधी, हरवणारी अंतिम फेरीत गेली तर. नाहीतर व्हिडिओ. तो मात्र जोडीदाराच्या मोबाइलवर नको, प्रशिक्षकाच्या खुर्चीमागून उंचावरून घ्या, पाय दिसले पाहिजेत.