डेथस्टॉकर पाळणाऱ्या भाऊंना सविस्तर उत्तर

उमरेडरोडकर (धागा)
परवा इथे एकाने फोटो टाकला. प्लास्टिकचा डबा, खाली वाळू, त्यात पिवळट डेथस्टॉकर विंचू. सोबत ओळ : "कुत्र्यापेक्षा सोपा. भुंकत नाही, फिरवावा लागत नाही, आठवड्याला एक झुरळ पुरे." खाली लाइकचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

हा विंचू उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेच्या वाळवंटातला. पुढचे चिमटे बारीक, म्हणजे सगळी भिस्त विषावर. आपल्याकडे मुंबईची हाफकिन संस्था जे प्रतिविष बनवते ते आपल्या लाल विंचवावरचं. याच्यावरचं नागपुरात कोण ठेवणार? फ्लॅटमध्ये घरकामाला बाई येत असतील, त्यांना सांगितलंय का डब्यात काय आहे ते? शेजारी लहान पोरं असतील तर त्यांच्या आईबापांना?

वाळू_आणि_अंधार
फोटो माझाच. आता ऐका. डब्यात डबा, दोन्हीला क्लिप. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला चढता येत नाही. हात कधीच घालत नाही, लांब चिमट्याने झुरळ सोडतो. नांगी उचलून तो झडप घालतो ते एकदा अल्ट्राव्हायोलेट टॉर्चमध्ये बघा, सगळं अंग हिरवं चमकतं. धडधाकट मोठा माणूस याच्या दंशाने सहसा मरत नाही. याच्याच विषातल्या क्लोरोटॉक्सिनवर मेंदूच्या ट्यूमरसाठी संशोधन चालू आहे. आणि 2022 च्या दुरुस्तीने साइट्सची (CITES, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादी वन्यजीव कायद्यात आली, त्यात एम्परर विंचू आहे, हा नाही.

उमरेडरोडकर
मोठा माणूस मरत नाही, बरोबर. मरतात ती पोरं. ट्यूमरचं संशोधन प्रयोगशाळेत चालतं, तुझ्या डब्यात नाही. आणि यादीत नाही म्हणजे मोकळं रान नव्हे, जिवंत प्राणी परदेशातून आणायला परवाना लागतो. कस्टमला दाखवून आणलास की मिठाईच्या खोक्यात?

वाळू_आणि_अंधार
मी आणला नाही. इथल्याच एकाकडून घेतला.

उमरेडरोडकर
म्हणजे खोकं त्याचं. वा!

लिफ्टबंद_लॅब्रेडॉर
आमच्या सोसायटीत माझ्या कुत्र्याला लिफ्ट बंद आहे. लस टोचलेला, पट्टा बांधलेला कुत्रा जिन्याने, आणि विंचू राजासारखा एसीत! अध्यक्षसाहेब हे वाचत असतील तर बरं.

काटोलचा_संत्रेवाला
तुमचा तो डेथ-बिथ राहू द्या बाप्पा. आमच्या इकडे विंचू पाळा लागत नाही, पऱ्हाटीचा ढीग उचलला का निघते. मले मागच्या साली चावला. खांद्यापर्यंत ठणक. गावातल्या बुवानं उतरवला, सकाळी मी वावरात हजर. दवाखाना नाही का सुई नाही.

रात्रपाळी
काका, तुम्हाला चावला तो मोठा काळा असणार. तो नुसता ठणकतो आणि आपोआप उतरतो. बुवा श्रेय घेतो. लाल विंचू लहानसा असतो, पण त्यात दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार आणि मग फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची प्राझोसिन गोळी यावर वापरली, 1986 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं, 2022 ला पद्मश्री मिळाली. इतक्या वर्षांनंतरही माझ्या वॉर्डात पोर येतं ते पायाला हळद-चुना फासून, रात्रभर बुवाच्या ओट्यावर काढून. पोराचं कपाळ पुसावं तर रुमाल पिळून निघतो, आणि बोटं बर्फ. ते पोर वाचलं. सगळी वाचत नाहीत.

काटोलचा_संत्रेवाला
ताई, राग समजला. पण रात्री दवाखान्याले कुलूप राह्यते हे कोण लिहीन? गाडी भाड्यानं करा, डिझेलचे पैसे आगाऊ द्या, तिथं गेलं का "नागपूरले न्या". बुवा निदान जागा तरी असते.

रात्रपाळी
कुलपाचं मान्य. म्हणून बुवाला फी द्यायची?

काटोलचा_संत्रेवाला
फी कायची? नारळ घेते फक्त.

रात्रपाळी
मग आधी गाडी बोलवा आणि ती येईपर्यंत फोडा नारळ. माझी हरकत नाही.

काटोलचा_संत्रेवाला
हे बरं बोलल्या. पण गाडीवाला बी त्याच बुवाचा भाचा आहे.

उमरेडरोडकर
धागा माझा, विषय माझा, आणि चर्चा बुवाच्या भाच्याची! वाळूवाले भाऊ, घरकामाच्या बाईंना सांगितलं का, याचं उत्तर अजून आलं नाही. शिवाय सगळ्या घरात कूलर चालतो, ती दमट हवा वाळवंटातल्या जीवाला मानवते का? त्याचाही विचार नाही.

वाळू_आणि_अंधार
त्या खोलीत कूलर नाही, पावसाळ्यात वाळू कोरडी राहते की नाही ते बघतो. नवतपात लाइट गेली तर तुम्ही आधी आडवे व्हाल, तो नाही. बाईंना "त्या खोलीत जाऊ नका" एवढं सांगितलंय. का ते नाही सांगितलं, घाबरून काम सोडतील म्हणून. ठीक आहे, डब्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावतो. खूश? आणि प्राझोसिन आणून ठेवतो घरात. विषय संपला.

रात्रपाळी
अजिबात नाही संपला! ती गोळी मनाने घ्यायची नसते. पहिल्याच डोसला रक्तदाब पडतो, उठून उभा राहिलास की कोसळशील. आणि बाईंना कारण सांग. काम सोडायचं की नाही ते त्यांना ठरवू दे.

लिफ्टबंद_लॅब्रेडॉर
त्यांनी सोडलं तर नंबर द्या, आमच्याकडे बाई हवीच आहे. कुत्रा आहे हे आधीच सांगतो.