कॅरीआउट म्हणजे नेमकं काय? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-304: नमस्कार मंडळी. रविवारच्या सभेनंतरचं जेवण अ‍ॅपवरून मागवतेय. तिथे डिलिव्हरी आणि कॅरीआउट असे दोन पर्याय दिसताहेत. कॅरीआउट निवडलं तर घरी आणून देतात का?

ए-102: नाही वहिनी. ते बांधून ठेवणार, जाऊन आणायचं आपण. कुठे पिकअप लिहितात, कुठे टेकअवे. सगळं एकच.

सी-201: म्हणजे आपलं पार्सलच की!

ए-102: हो काका, काउंटरवर 'पार्सल द्या' म्हटलं की तोच अर्थ. पण गेटवरून 'पार्सल आलंय' असा फोन आला की कुरिअर आहे की जेवण, ते कळत नाही. कुरिअर संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये राहिलं तरी चालतं, जेवणाचं तसं नाही. वॉचमनना 'जेवणाचं पार्सल' असं स्पष्ट सांगायला सांगूया का?

सी-201: जरूर. बोर्डावरही लिहितो.

बी-501: अमेरिकेत टेकआउट किंवा टू-गो म्हणतात, ब्रिटनमध्ये टेकअवे. कॅरीआउट स्कॉटलंडमध्येही चालतो, आणि तिथे दुकानातून घरी न्यायच्या दारूलाही हाच शब्द आहे. सिंगापूर-मलेशियात 'तापाव', म्हणजे बांधून घेणं. तो चिनी भाषेतून आलाय.

सी-201: पद्धत तर फारच जुनी. इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात तयार अन्न विकणारी दुकानं सापडली आहेत. दगडी काउंटरमध्येच मोठाली मडकी बसवलेली. बऱ्याच घरांत धड स्वयंपाकघर नसायचं म्हणे.

डी-403: वहिनी, कॅरीआउटच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. मी अन्न-तंत्रज्ञानात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शिजवलेलं अन्न साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्या तापमानात ते एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेर 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. आणि हे घड्याळ आपण घरी पोचल्यावर नाही, अन्न निवायला लागलं की सुरू होतं. डिलिव्हरीत ते कधी बांधलं, वाटेत किती थांबलं, आपल्याला दिसत नाही. स्वतः आणलं की वेळ आपल्या हातात. सभा लांबते हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा सभा संपता संपता निघा, आधी आणून ठेवू नका.

बी-304: उरलं तर? सकाळी नीट गरम केलं की झालं ना?

डी-403: फ्रिजमध्ये वेळेत गेलं असेल तरच. भाताचं विशेष सांगते. त्यातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही, मग वास चांगला असो वा नसो. उरलेलं लगेच छोट्या, उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा.

ए-305: पण गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात ना, ताई?

डी-403: मोठं पातेलं तसंच ठेवलं तर आतपर्यंत निवायला फार वेळ लागतो, म्हणून उथळ डबे. कोमट असलं तरी चालेल. परत गरम करताना मध्यभागापर्यंत 74 अंश व्हायला हवं, म्हणजे चांगली वाफ येईपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल आणि थर्माकोलचे डबे घालू नका. डब्यावर 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं नसेल तर काचेच्या भांड्यात काढून घ्या.

ए-102: आणि कुरकुरीत पदार्थांच्या डब्याचं झाकण किंचित उघडं ठेवून आणा. बंद राहिलं की आतली वाफ त्यांच्यावरच साचते आणि ते मऊ पडतात.

बी-304: ठरलं, कॅरीआउट. थंड पदार्थ वेगळ्या पिशवीत द्यायला सांगते. ऑर्डर काउंटरवरच उघडून तपासायला कोणीतरी सोबत हवं.

ए-305: मी येतो वहिनी. गाडीही आणतो.