निपाणी-चिकोडी भागात राहून रक्तवाहिन्यांच्या आजारावर संशोधन करता येईल का?

प्रश्न : खानापूरची निवासी डॉक्टर

सर्वांना नमस्कार. मी मूळची बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली असून सध्या जनरल सर्जरीच्या एम.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेनंतर पुढे काय, हा विषय घरी रोज निघतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण घेऊन बेळगावातच दवाखाना थाटावा, असे आई-बाबांना वाटते. माझी ओढ मात्र रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेकडे आहे, आणि त्यातही संशोधनाकडे अधिक आहे.

त्यामागचे कारण घरातलेच आहे. माझे संकेश्वरचे मोठे काका चालताना पोटरी भरून येते म्हणून सहा महिने उपचार घेत होते. ‘कमरेची नस दबली आहे’ असे सांगून एका दवाखान्यात त्यांच्या कमरेचा एक्स-रे काढला गेला, परंतु पायाची नाडी लागते का, हे कोणी बोट ठेवून पाहिले नाही. अंगठा काळा पडल्यावर त्यांना मिरजेला नेले, तेव्हा गुडघ्याखाली पाय काढण्यावाचून उपाय उरला नव्हता. त्यांचे वय तेव्हा 43 होते आणि रोजच्या दोन बंडल विड्या ही सवय विशीपासूनची होती. मी त्या वेळी बारावीत होते.

एम.सीएच. या पुढच्या विशेष शस्त्रक्रिया पदवीसाठी बाहेर जावे लागणार, हे मला मान्य आहे. परंतु त्यानंतर परत येऊन, मोठी प्रयोगशाळा हाताशी नसताना, याच जिल्ह्यात संशोधकाचे आयुष्य घडवता येईल का? की ते बेंगळुरू किंवा चेन्नईतच शक्य आहे? अनुभवी मंडळींनी कृपया स्पष्ट लिहावे.

प्रतिसाद : निवृत्त शल्यचिकित्सक, टिळकवाडी

डॉक्टर, तुमच्या काकांविषयी वाचून वाईट वाटले. माझ्या सेवेच्या काळात असे पाय मी स्वतः काढले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगितलेली लक्षणे बर्जरच्या आजाराची वाटतात. हा आजार प्रामुख्याने तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांना होतो. तो हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्या सुजवून, त्यांत गुठळी धरून त्या बंद पाडतो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या लिओ बर्जर यांची कारकीर्द तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. हे न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ होते. 1908 साली त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा आधार होता शस्त्रक्रियेत कापून काढलेले 11 अवयव. जो पाय एरवी जाळून टाकला जातो त्यातील धमन्या आणि शिरा त्यांनी बारकाईने उकलून पाहिल्या, आणि वृद्धांच्या धमनीकाठिण्याहून (धमन्या कडक व अरुंद होण्याहून) हा आजार निराळा आहे, हे दाखवून दिले. त्यापूर्वी 1879 मध्ये फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन केले होते. मात्र एका रुग्णावरून आजाराची ओळख पटणे कठीण होते, आणि ती पटली अकरा अवयवांच्या चिकाटीच्या अभ्यासामुळे.

याच बर्जर यांची एक चूकही तुम्ही ध्यानात ठेवावी. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनाच हा आजार होतो, असे त्यांना वाटले होते. त्यांचे रुग्णालय ज्यू समाजाचे असल्यामुळे त्यांच्यासमोर रुग्णच तसे येत होते. पुढे हा आजार जगभर, आणि विशेषतः आशियात, मोठ्या प्रमाणावर आढळला. वॉर्डात दिसणारा रुग्ण आणि गावात असणारा रुग्ण यांत अंतर असते. ते अंतर मोजण्यासाठी गावापर्यंत जाणारा संशोधक लागतो, आणि बेंगळुरूत बसलेल्या माणसापेक्षा ते काम तुम्हाला अधिक साधेल.

आता शिक्षणाविषयी. एम.एस.नंतर सहसा नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पुढची तीन वर्षे एम.सीएच. किंवा त्याच दर्जाच्या डीआरएनबी यांत जातात. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था आणि वेल्लोरचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय यांचा विचार अवश्य करा. परत आल्यावर निम्मे दिवस डायलिसिसच्या रुग्णांचे फिस्टुला (डायलिसिसची सुई घालता यावी म्हणून धमनी शिरेला जोडणे) करण्यात आणि मधुमेही पायांच्या जखमा साफ करण्यात जातील, याचीही मनाशी तयारी ठेवा. हे काम गौण मानू नका, कारण मनगटाजवळची धमनी शिरेला जोडण्याची पद्धत 1966 साली प्रसिद्ध झाली आणि आज हजारो माणसे तिच्या आधारावर जगत आहेत.

या शाखेत मोठे प्रश्न संपलेले नाहीत, हेही सांगतो. पायाचा रक्तपुरवठा फार घटला असेल तर आधी बायपास (बंद भागाला वळसा घालून रक्ताची नवी वाट जोडणे) करावा की आधी फुगा घालून वाहिनी उघडावी? 2022 च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत 1,830 रुग्ण होते. ज्यांच्या पायातली, बायपाससाठी वापरायची लांब शीर चांगली होती त्यांच्यात बायपास सरस ठरला. पुढच्याच वर्षी बेसिल-2 या चाचणीने गुडघ्याखालच्या आजारात आधी फुगा घालणे बरे, असा कौल दिला. दोन्ही चाचण्यांचा भर पाश्चात्त्य देशांतील वयस्क, धमनीकाठिण्याच्या रुग्णांवर होता. बर्जरच्या रुग्णात तर पुष्कळदा खालची वाहिनीच इतकी बारीक झालेली असते की बायपासचे दुसरे टोक कोठे जोडावे, हा प्रश्न पडतो. त्यामुळे त्या निष्कर्षांवरून चाळिशीतल्या विडी ओढणाऱ्या शेतकऱ्यासाठी निर्णय घेणे धाडसाचे ठरते.

प्रतिसाद : निपाणीतला फॅमिली डॉक्टर

वरील सरांशी मी सहमत आहे. माझी भर खालच्या पायरीवरची आहे.

निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणारी घरे यांच्यामध्येच माझा दवाखाना आहे. संशोधनासाठी येथे पहिली गरज प्रयोगशाळेची नसून, हातात मावणाऱ्या डॉप्लरची (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राची) आणि रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याची आहे. घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, एवढाच हिशेब असतो. उत्तर 0.9 पेक्षा कमी आले तर पायाच्या धमनीत अडथळा आहे, असे मानतात. मात्र मधुमेहात धमनीच्या भिंती चुन्याने कडक झालेल्या असल्या तर आकडा फसवा, वाढीव येतो. अशा वेळी पायाच्या बोटाचा दाब मोजावा लागतो.

खरी अडचण भाषेची आहे, आणि ती येथल्याच माणसाला कळते. चालताना पाय दुखण्याविषयी 1992 साली तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली जगभर वापरतात. मी ती मराठीत विचारून पाहिली. ‘पोटरीत गोळा येतो का’ असे विचारले की जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणतो, कारण गोळा रात्री झोपेतही येतो. ‘चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर दहा मिनिटांत हलकी होते का’ असे विचारले, की मग खरे रुग्ण वेगळे निघतात. पलीकडच्या गावात हेच कन्नडमध्ये विचारायचे आहे, आणि संमतीपत्रही दोन्ही भाषांत द्यायचे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘धूम्रपान करता का’ याला बायका नाही म्हणतात, आणि ते खरेही असते. मिश्री लावता का, हे मात्र वेगळे विचारावे लागते. हा प्रश्न वगळून केलेली पाहणी आपल्या भागात अपुरीच राहील.

विडी पूर्ण सोडणे हाच बर्जरवरचा सर्वांत मोठा उपचार आहे. कमी करून भागत नाही, आणि पूर्ण सोडणाऱ्यांचे पाय बहुधा वाचतात. स्टेमप्यूसेल या बेंगळुरूत विकसित झालेल्या पेशी-उपचाराला 2016 मध्ये या आजारासाठी मर्यादित परवानगी मिळाली, हे चांगलेच आहे. परंतु ज्याच्या घरातली चूल तंबाखूवर चालते, त्याला तंबाखू सोडायला कसे लावावे, याचे उत्तर कोणत्याही कुपीत नाही. त्यावर काम करणारे कोणी आले तर माझ्या दवाखान्यातील नोंदवह्या, रुग्णांची परवानगी घेऊन, मी आनंदाने खुल्या करीन.

प्रतिसाद : सार्वजनिक आरोग्य, बेळगाव

जिल्ह्यातून मोठे संशोधन होत नाही, हा समज दूर व्हावा म्हणून थोडक्यात लिहितो. पहिलटकरणींना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिल्यास मुदतपूर्व प्रसूती कमी होते का, हे पाहणारी सहा देशांतील चाचणी 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या भारतातील केंद्रांपैकी एक बेळगावचे होते. खेड्यापाड्यांतील गरोदर स्त्रियांची नोंद आणि पाठपुरावा करण्याची पद्धत येथे वर्षानुवर्षे बसलेली आहे. तिच्यावर पायांच्या आजाराची पाहणी उभी करता येईल. परंतु नैतिक समितीची मान्यता आणि संख्याशास्त्रज्ञ यांची सोय पहिला रुग्ण तपासण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिश्रीचा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. माझी आजी आजही सकाळी मिश्री लावते आणि तिच्या टाचेची जखम चार महिने भरलेली नाही. परवा रविवारी गावी जाणार आहे, तेव्हा सर्वप्रथम तिच्या पायाची नाडी तपासते. निपाणीच्या डॉक्टरांना विनंती आहे की प्रश्नावलीचे मराठी शब्द आपण कसे बदललेत, ते सवडीने येथे लिहावे. कन्नड मजकुरासाठी माझ्याबरोबरची अथणीची निवासी डॉक्टर मदत करायला तयार आहे.